वहीतला मांडव

ज्या माणसाला मी शाल-नारळ देऊन, डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला, तो आठव्या दिवशी तीच शाल उन्हासाठी डोक्याला गुंडाळून दुसऱ्याच्या मांडवावर चढलेला दिसला. गुडघे गेले असं सांगून त्याने माझं काम सोडलं होतं. ते गेलेले गुडघे आता पंधरा फूट उंचीवर मांडवाच्या लाकडी बल्लीला असे घट्ट आवळून होते, की नागझिऱ्याच्या जंगलातल्या एखाद्या वानराने येऊन शिकवणी लावावी.

मी मोटारसायकल थांबवली. मी खालून पाहिलं, त्याने वरून पाहिलं. मग तोंडात धरलेली सुतळी न काढता त्याने मला नमस्कार केला. मीही केला. काय करणार, हात आपोआप जुळले.

साकोलीत हायवेला लागून माझं बिछायत केंद्र आहे. मांडव, कनाती, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज, मंच. लग्नाला लागणारं नवरा-नवरी सोडून सगळं आम्ही पुरवतो. हा माणूस अठरा वर्षं माझा मिस्त्री होता. मांडवाची जागा पाहायला गेलो की तो हात पाठीमागे बांधून मैदानातून दोन चकरा मारायचा, पावलं मोजायचा, एका कोपऱ्यात तंबाखूचा खर्रा थुंकायचा आणि किती बल्ल्या लागतील ते सांगायचा. एक बल्ली कधी उरली नाही, एक कधी कमी पडली नाही. मी तोवर पांढरा शर्ट घालून मुलीच्या बापाशी गप्पा मारायचो. याला मी धंदा चालवणं म्हणत होतो आणि लोकही म्हणत होते.

मग मी नागपूरला एका शिबिराला गेलो. धंद्याचं नेतृत्व कसं करावं, असा विषय. कोट घातलेल्या वक्त्याने सांगितलं, की एका माणसावर उभा असलेला धंदा हा धंदाच नव्हे. माणसांना विचारा, ऐका, लिहून ठेवा. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. येताना बसमध्ये माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. उद्या तो पडला तर? उद्या तो अडून बसला तर?

आणखीही एक गोष्ट होती, ती लपवून काय उपयोग. माझा भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करून घरी बसला होता आणि बहीण दर रविवारी फोनवर त्याची आठवण करून द्यायची. दोन वर्षांत मिस्त्रीची जागा भाच्याला द्यायची, हे मी मनाशी ठरवून टाकलं. कोणाला बोललो नाही. निदान माझा तसा समज होता.

एक जाडजूड वही आणली. रोज सकाळी मिस्त्रीला दुकानात खुर्चीवर बसवायचं, चहा मागवायचा आणि विचारायचं: या गावचं मैदान किती, त्या गावच्या शाळेसमोर बल्ल्या किती, मंच कोणत्या तोंडाला. तो डोळे मिटून सांगायचा, मी लिहायचो. महिनाभर हे चाललं. वही भरली त्या दिवशी मी एका उलट्या गंजावर उभा राहिलो आणि सगळ्या कामगारांपुढे भाषण केलं. आजपासून ना मी बोलणार, ना मिस्त्री बोलणार, वही बोलणार. वहीत आहे तेच काम, वहीत नाही ते काम नाही, अशा थाटाचं. आवाज शेवटी जरा कापरा केला होता. टाळ्या पडल्या. मिस्त्रीनेही वाजवल्या.

त्याच आठवड्यात त्याचे गुडघे गेले.

तो हायवेपलीकडच्या दुसऱ्या बिछायतवाल्याकडे लागला, हे कळल्यावर चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सकाळी शटर उघडताना, दुपारी पानठेल्यावर, मी जो भेटेल त्याला ही कहाणी सांगायचो आणि प्रत्येक वेळी ती थोडी रंगायची. शाल तर शेवटी शेवटी रेशमी झाली होती. पण घरी बायकोसमोर सांगायला गेलो तेव्हा आवाज खरोखरच कापरा झाला आणि मी मध्येच थांबलो. माझ्या मुलीच्या बारशाचा मांडवही त्यानेच घातला होता.

आता एकच हट्ट उरला होता. त्याच्याशिवाय माझा मांडव उभा राहतो, हे त्याला दाखवायचं.

संधी एप्रिलमध्ये आली. साकोलीपलीकडच्या एका गावात बौद्ध कुटुंबातलं लग्न होतं. मुलीचे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन गावी आलेले, एकुलती एक मुलगी, फॅक्टरीतले सगळे जुने सोबती जेवायला येणार. जागा तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं, मैदान. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले होते, की दुसरं कोणी नको, तुमच्या भरवशावर आहे. मी भाच्याला वही दिली, टेप दिला. त्याने पानावरच्या मापाने एक एक खड्डा आखला, कामगारांनी वहीत लिहिल्याप्रमाणे खोदला. पांढरं कापड, निळी झालर. मांडव असा देखणा झाला, की त्याचा फोटो मी मुद्दाम हायवेपलीकडे पोचेल अशा माणसाला पाठवला.

दुपारी बाराला पाहुणे बसले, वंदना सुरू झाली आणि तलावाकडून वारा सुटला. पाळीकडच्या बल्ल्या हळूच पुढे झुकल्या. नवरी नीट दिसावी म्हणून पाहुणे झुकतात तशा, अगदी अदबीने. मग आणखी झुकल्या. कापडाचा फुगा बायकांच्या डोक्यांवर उतरायला लागला. भाचा वहीची पानं उलटत होता.

मी मागे जाऊन मिस्त्रीला फोन लावला. बल्ल्या झुकायला लागल्या, एवढंच म्हणालो. त्याने विचारलं, "कोणत्या बाजूच्या?" मी म्हणालो, पाळीकडच्या. फोन बंद झाला.

बाजूच्याच गावात त्याचं काम चालू होतं. वीस मिनिटांत आला. माझ्याकडे पाहिलंही नाही. वाऱ्याकडच्या कनाती खाली घेतल्या, आमचा टेम्पो मांडवामागे आणून लावायला सांगितला, बल्ल्यांचे दोर टेम्पोच्या लोखंडी पट्टीला ताणून बांधले आणि बायकांना खुर्च्यांसकट बाजूच्या बुद्धविहाराच्या भिंतीकडे सरकवलं. लग्न थांबलं नाही. फक्त मुलीच्या वडिलांनी मंचावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची नक्कल मी आजवर कोणाला करून दाखवलेली नाही.

जेवणं सुरू झाल्यावर मी त्याला मोहाच्या झाडाखाली गाठलं. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी सोडलं, की पाळीखालची जमीन वरून भाजलेली दिसते आणि आतून भिजलेली असते. इथे दीड हात खोल जायचं, बुडाला चपटा दगड ठेवायचा, मग बल्ली रोवायची. हे त्याने मला तेव्हा समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं.

"अठरा वर्षं, मिस्त्री," मी म्हणालो. "एक शब्द सांगता आला नाही?"

"तुमी माप इचारलं, मी माप सांगतलं. एक पाऊल चुकलं असंन त सांगा."

"अन् गुडघे?"

"ते तुमच्या दुकानातच दुखत होते, मालक. वही उघडली का दुखत." त्याने खर्ऱ्याची पुडी सोडली, मला देऊ केली, मी घेतली नाही. "भाच्याले कामाले लावाचं होतं त तसं म्हनाचं ना. मीच शिकवलं असतं त्याले."

माझ्याजवळ भाषण तयार होतं. दगा, मीठ, शाल, सगळं होतं त्यात. पण तोंडातून भलतंच निघालं: परत या म्हणालो.

"नाही जी. तिकडं मले कोनी काही इचारत नाही. खड्डा खोदतो, बल्ली रोवतो, घरी जातो. लय बेस आहे." मोटारसायकलला किक मारून तो गेला. जेवायलाही थांबला नाही.

मी वळलो. माझे कामगार टेम्पोच्या सावलीत बसले होते. त्यातला सगळ्यात जुना खड्डे खोदणारा, माझ्या बापाच्या वयाचा, ताटातली बुंदी वेचत होता. मी त्याला विचारलं, ही जागा अशी आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

"होतं ना," तो म्हणाला.

"मग?"

"वहीत नव्हतं, मालक."

टोमणा नव्हता त्यात. तेच वाईट होतं. टोमणा असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. सगळ्यांनाच माहीत होतं. सहाच्या सहा माणसांना. ते सकाळपासून माझ्या मांडवाखाली उभे राहून वाट पाहत होते आणि मी फोटो काढत होतो.

तीन दिवसांनी लाखनीकडच्या एका गावात काम निघालं, पुन्हा तलावाखालीच. भाच्याला मी त्या दिवशी दुकानात बसवलं होतं. इथे किती खोल जायचं, मी सगळ्यांना विचारलं. एकाने आभाळाकडे पाहिलं, एकाने चपलेतला खडा काढला. जो सांगतो त्याचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. मग मी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, खोदायची लोखंडी सब्बल उचलली आणि स्वतः खोदायला लागलो. कोपरभर खोदताना हाताला फोड आला, दम लागला, शर्ट पाठीला चिकटला.

जुन्या माणसाने थोडा वेळ पाहिलं. मग उठून माझ्या हातातली सब्बल काढून घेतली.

"सरका, मालक. तुमच्याच्यानं लग्न निघून जाईन."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिराने. हातभर खोदून आणखी दोन बोटं खाली गेल्यावर पाणी लागलं.

मिस्त्रीला मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या दिवशी माझा भरवसा मोडणाऱ्या सहा माणसांच्या घोळक्यात मी संध्याकाळपर्यंत दगड वाहिले, कारण मांडव उभा करायला दुसरं कोणी नव्हतं.