आयर्लंडचा शब्द आणि काकीची खुर्ची

हिंगोलीच्या कॉलेजात भाषेच्या सरांनी एकदा 'फ्लाह' हा आयरिश शब्द सांगितला. आधी त्याचा अर्थ सत्ता, राज्य चालवणं; तेव्हा शब्द स्त्रीलिंगी. पुढं अर्थ झाला राज्य चालवणारा माणूस, आणि शब्द पुल्लिंगी झाला. सर सहज बोलून पुढं गेले. माझं डोकं तिथंच तापलं. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या तांड्यावर मी हेच रोज बघत होते.

नव्वदच्या दशकात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं नि माझी काकी निवडून आली. निवडून काकी आली, 'सरपंचसाहेब' काका झाले! ग्रामसभेत एका खुर्चीवर काका, दुसरीवर माझे वडील. काकी पदर ओढून खाली सतरंजीवर. आमच्यात सून थोरल्या दिरासमोर उंचावर बसत नाही, आणि थोरला दीर म्हणजे माझा बाप. रिवाज म्हणे! मतं मागत फिरवलं तिला, तेव्हा कुठं गेला होता रिवाज?

त्या उन्हाळ्यात एकच हापसा मंजूर झाला. तांड्यावर बसला तर बायकांची ओढ्यापर्यंतची पायपीट संपणार होती. वडिलांना तो आमच्या शेताजवळ हवा होता. मी तो आयरिश शब्द घालून, 'निवडून बाई येते, साहेब पुरुष होतो' असं पत्रक काढलं आणि ग्रामसभेत वाटलं.

वडिलांनी ते मोठ्यानं वाचलं नि मला विचारलं, "काहून गं, ह्या आयर्लंडला फाट्यावरून कोणती एसटी जाते?"

"नांदेडला बदलावी लागत असंल!" मागून कुणीतरी. सभा खो खो हसली.

मी भांडायला उठले, तेवढ्यात काकी पदराआडून बोलली. "थोरल्यांसमोर आमी उंच बसणार न्हाई, बराबर हाय. मंग खुर्च्याच उचला."

"आन् आमी कुठं बसावं?" काका भडकले.

"सतरंजी लई मोठी हाय."

बायकांनी खुर्च्या खरंच बाहेर नेल्या. वडील थोडा वेळ ताटकळले, मग बसले खाली. हापसा कुठं हवा यावर काकीनं हात वर करायला सांगितलं; तांड्याच्या बाजूनं जास्त हात आले. हापसा तांड्यावर बसला.

लोक ही गोष्ट अजून कौतुकानं सांगतात. मला संताप येतो. निवडून आलेल्या बाईला तोंड उघडायला खुर्च्याच बाहेर काढाव्या लागतात, यात कौतुक कसलं?

पुढच्या सभेला खुर्च्या परत मांडलेल्या होत्या. हापशावर पाणी भरून आलेल्या बायकांनी, काकी यायच्या आत, त्या बाहेर नेऊन ठेवल्या.