आखडलेल्या हाताची मूठ

खडेबाजारातला तो लाकूड कातणारा कातारी काहीही मागितलं की आधी "न्हाय" म्हणायचा आणि मग कामाला लागायचा. मी लष्कराच्या कॅम्पात घोड्यांची खोगिरं शिवत असे. एकदा घोड्याच्या लाथेनं माझी दोन बोटं कायमची आखडली, कातडं टोचायची आरी धरवेना. हातचं कामच जाणार म्हणून घाबरून मी त्याच्याकडं गेलो.

"अण्णा, आरीला नवी मूठ करून द्या."

"न्हाय जमायचं," म्हणत त्यानं ओल्या मातीचा गोळा माझ्या हातात दिला. "दाब जोरात."

मातीत उमटलेल्या बोटांच्या खुणा बघत त्यानं बाभळीचं लाकूड तासलं. मूठ वाकडी, बेढब झाली. पण हातात घट्ट बसली. जाड कातड्यातनं आरी एका दाबात पार गेली. माझे डोळे भरून आले.

अंगावरचा भुसा झटकत तो म्हणाला, "रडतोस काय रं? जा, घोडी खोळंबल्यात."