सोमाजी, नग एक

सोमाजीभाऊ आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलले. त्या खोट्याची तालीम मी घेतली होती. म्हणून हे मीच लिहायला हवं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि १९९६ साली आळेफाट्याजवळच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथालयाचा मदतनीस म्हणून लागलो. माझ्या खोलीच्या बरोबर खाली काँक्रीटची प्रयोगशाळा होती. दिवसभर खालून काहीतरी फुटत असे. तिसऱ्या दिवशी मी बघायला गेलो.

खाली चाळिशीतले एक गृहस्थ उभे होते. डोक्याला टोपी, अंगात खाकी सदरा, हातात सळईचा वीतभर तुकडा. समोर काँक्रीटचा चौकोनी ठोकळा. त्यांनी ठोकळ्यावर दोनदा टकटक केलं, मान तिरकी करून ऐकलं आणि खडूनं त्याच्यावर लिहिलं: ५४. मग ठोकळा मशीनमध्ये ठेवून दाब द्यायला सुरुवात केली. काटा चढत गेला. चोपन्न टनांवर ठोकळा फुटला.

"तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"त्यानंच सांगितलं की."

"कुणी?"

"ठोकळ्यानं. तुमी वरच्या लायब्ररीतलं ना? मग तुमची पुस्तकं काय मुकी हायेत व्हय?"

तेव्हापासून त्यांनी माझं नाव लायब्ररी असंच ठेवलं.

त्यांची आई कुशाबाई ओतूरच्या बाजारात माठ विकायची. बाजाराला निघण्याआधी प्रत्येक माठ वाजवून बघायचं काम लहानग्या सोमाजीकडे असे. बद्द वाजला की तो बाजूला. कॉलेजात आल्यावर माठांच्या जागी ठोकळे आले, एवढाच फरक. आसपासच्या बांधकामांवरचे ठेकेदार ठोकळे पाठवायचे. अठ्ठावीस दिवस ते पाण्याच्या टाकीत राहायचे, मग सोमाजीभाऊ ते फोडायचे. किती टनांना फुटला, तेवढी त्या काँक्रीटची ताकद.

नोकरी अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. पण रोज सकाळी मस्टरवर सही करायला मिळे. साक्षरतेच्या वर्गात ते सही शिकले होते आणि ती पूर्ण मन लावून करत. दोन मिनिटं लागत. मागे प्राध्यापकांची रांग लागे.

"अहो भाऊ, सही करताय का शेत नांगरताय?"

"नांगरट वाकडी गेली तं चालंल सर, सही न्हाई चालायची."

आमच्या कॉलेजातले प्राध्यापक फैजान सर त्यावेळी पुण्याला पीएच.डी. करत होते. जुन्नरचा तरुण, हुशार, थोडा घाबरट. विषय होता काँक्रीटचा आवाज आणि त्याची ताकद यांचं गणित. त्यांनी ठोकळ्याला चिकटवायचं एक परदेशी यंत्र आणलं. ते आवाज मोजून आकडा द्यायचं. सहाशे ठोकळे मोजले. परदेशी यंत्राचा आकडा मशीनशी कधी जुळला, कधी नाही. खडूचा आकडा अर्ध्या टनाच्या आत जुळत राहिला.

फैजान सर प्रामाणिक होते. त्यांनी तक्त्यात तीन रकाने केले. पहिला परदेशी यंत्राचा, दुसरा दाबाच्या मशीनचा, तिसरा सोमाजीचा.

विद्यापीठाकडून पत्र आलं. तिसऱ्या रकान्यातील उपकरणाची बनावट, वर्ष, तपासणीचं प्रमाणपत्र आणि साठा नोंदवहीतील क्रमांक कळवावा. फैजान सरांनी उत्तर पाठवलं की ते उपकरण नाही, ते आमच्या प्रयोगशाळेतले परिचर आहेत. दुसरं पत्र आलं. ज्यातून वाचन मिळतं ते उपकरण. नोंद नसल्यास प्रबंध परत पाठवण्यात येईल.

फैजान सर तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी सोमाजीभाऊच म्हणाले, "सर, एवढ्या तेवढ्यासाठी पोटाला का मारताय? लिवा की मला वहीत."

साठा नोंदवही भांडारपाल सावळेरामकडे होती. सावळेराम म्हणजे नियमांचा माणूस. त्यांनी चष्मा लावला, लेखणीचं टोपण काढलं.

"वस्तूचं नाव?"

"सोमाजी."

"नग?"

"एक."

"बनावट?"

"आळे."

"वर्ष?"

"बहात्तरच्या दुष्काळात मी अठरा वर्षांचा व्हतो."

"म्हंजे चोपन्न. जुना माल हाय. पुरवठादार?"

इथे सगळे थांबले. शेवटी सोमाजीभाऊंच्या बायकोचं, साळुबाईंचं नाव पडलं. रोज सकाळी डबा देऊन त्याच पाठवत असत. अनुक्रमांक आला ४७. पितळी बिल्ला आला. हे सगळं १९९९ साली, माझ्यासमोर झालं.  मला वाटलं, गंमत चालली आहे.

एक वस्तू दोन वह्यांत ठेवता येत नाही, असं सांगून सावळेरामनी मस्टरमधलं नाव काढलं. पगार देखभाल खर्चातून मिळू लागला. संध्याकाळी घरी जाताना सोमाजीभाऊंना फाटक पास लागे. त्यावर लिहिलेलं असे: नग एक, परत आणण्याच्या बोलीवर. मुलीच्या, हर्षालीच्या लग्नाला चार दिवस हवे होते, तर पासवर कारण घातलं 'दुरुस्ती'. दरवर्षी फैजान सर त्यांना एस.टी.नं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नेत. तिथले लोक त्यांच्याकडून पन्नास ठोकळे वाजवून घेत आणि शिक्का मारलेलं प्रमाणपत्र देत. दाबाच्या मशीनला असं नेता येत नव्हतं. ते दोन टनांचं होतं. त्याची तपासणी करायला माणूस बोलवावा लागे आणि प्राचार्य म्हणत, पुढच्या वर्षी बघू.

साळुबाई सुरुवातीला खूश होत्या. "माणूस व्हते तवा अकरा महिन्यांनी घरी बसवत व्हते. आता बारा महिने आत. बरं झालं की."

सोमाजीभाऊ खूश नव्हते. सकाळी ते मस्टरपाशी जाऊन उभे राहत. सगळ्यांच्या सह्या झाल्या की खाली जात. फुटायच्या आधी प्रत्येक ठोकळ्यावर आकडा लिहीत आणि आकड्याखाली सही करत. मग मशीन सुरू करत. मी एकदा मोजलं. एका दिवसात एकोणीस सह्या फुटल्या.

२००५ साली हुकूम आला. दहा वर्षं सलग काम केलेल्या तात्पुरत्या सेवकांना कायम करणार. मीही त्यात बसत होतो, पुढच्या वर्षी. सोमाजीभाऊ कॉलेज निघाल्यापासून होते. ते धावतच वर आले.

"लायब्ररी, अर्ज लिव. झ्याक मराठीत लिव."

मी लिहिला. आतापर्यंत मी लिहिलेल्यात तो सर्वांत विचित्र मजकूर असेल. 'अर्जदार मनुष्य असून' अशी सुरुवात होती. पुढे, नाव मस्टरवर पूर्ववत घ्यावं आणि कायम करावं, अशी विनंती.

आठ दिवसांत कार्यालयाचं उत्तर आलं. साठ्यातील वस्तूस अर्ज करता येत नाही. वस्तू नादुरुस्त ठरल्यास समिती ती वहीतून कमी करेल. त्यानंतर संबंधितानं नव्यानं अर्ज करावा, मागील सेवा सहानुभूतीनं विचारात घेतली जाईल.

"हरवली म्हणून कमी करता येत नाही का?" मी सावळेरामना विचारलं.

"हरवली तं माझ्याकडून भरून घेतील. दुसरा सोमाजी कुठून आणू राव? चुकीचा आकडा दिला पायजे. समितीच्या म्होरं. तीनदा. मग नादुरुस्त."

म्हणजे सोमाजीभाऊंनी तीनदा खोटं सांगायचं होतं. तेवढं केलं की नाव मस्टरवर.

तालीम माझ्याकडे आली. ग्रंथालयात मी टेबलावर ठोकळा ठेवला. त्यांनी टकटक केलं.

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

"खोटं सांगायचंय भाऊ."

"व्हय व्हय, इसरलो." पुन्हा टकटक. "अठ्ठेचाळीस."

कानात कापूस घातला. हाताला कळतं म्हणाले. पासष्ट म्हणायला सांगितलं तर घाम फुटला. संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन साळुबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"माझ्याशी खोटं बोलताना ह्यांची जीभ अडत न्हाई. परवा मंचरला चाललो म्हणाले अन् फाट्यावर भजी खात बसले व्हते. त्या ठोकळ्याची एवढी काय भीड पडली?"

"ठोकळा उलटून काय बोलत न्हाई गं," सोमाजीभाऊ म्हणाले. "तुझ्याशी बोलायचं म्हंजे जीव वाचवायला लागतो."

शेवटी फैजान सरांनी तोड काढली. खरा आकडा मनात म्हणायचा. त्यात दहा मिळवायचे. ते मोठ्यानं म्हणायचे. म्हणजे हे खोटं नाही, बेरीज आहे. सोमाजीभाऊंना हे पटलं. बेरीज ते चुकत नसत.

समितीत तिघं होते. अध्यक्ष पुण्याहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक, आपले प्राचार्य आणि वही घेऊन सावळेराम. सोमाजीभाऊ धुतलेला सदरा घालून आले होते, वर बिल्ला.

पहिला ठोकळा. टकटक. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले.

"बासष्ट."

मशीन सुरू झालं. ठोकळा बावन्नला फुटला. सावळेरामनी वहीत लिहिलं. 

दुसरा. "सत्तर." फुटला साठला.

तिसरा. सोमाजीभाऊंच्या कपाळावर घाम आला. ते माझ्याकडे बघत होते. "अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. फुटला अडतीसला.

"झालं," प्राचार्य म्हणाले. "नादुरुस्त."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी वही ओढून घेतली. "दहा. दहा. दहा." मग चष्मा काढला. "हे माणसाचं काम नव्हे. माणूस चुकला तर कधी दोननं चुकेल, कधी सातनं. प्रत्येक वेळी बरोब्बर दहाचा फरक पडतो, तो यंत्राचा काटा सरकला की. हे सगळं इतकं सुंदर मांडलंय एका प्रबंधात, तिसऱ्या प्रकरणात."

प्रबंध फैजान सरांचा होता. ते भिंतीला टेकले.

"सर, काटा शून्यावरच आहे," ते कसेबसे म्हणाले.

"बिघडलेला काटाही शून्यावरच असतो. प्रमाणपत्रं दाखवा."

सावळेरामनी दाखवली. मशीनचं प्रमाणपत्र चार वर्षांपूर्वी संपलं होतं. सोमाजीचं मार्चपर्यंत चालू होतं.

"म्हणजे मशीन चार वर्षं दहा टन कमी दाखवतंय," अध्यक्ष म्हणाले. "मशीन कमी करा."

सोमाजीभाऊ पुढे झाले. हात जोडले. "सायेब, मशीन बरोबर हाय. मी खोटं बोललो. दहा मिळवले."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते प्राचार्यांना म्हणाले, "उपकरणाला विचारून उपकरण तपासत नाहीत. पद्धत नाही तशी."

मशीन न्यायला जुन्नरहून अजीजभाई भंगारवाले टेम्पो घेऊन आले. चार माणसं, साखळ्या, लाकडी ओंडके. सगळं बांधून झाल्यावर सावळेराम कागद घेऊन आले. मशीन निकामी आहे असं ते चालवणाऱ्यानं लिहून द्यायचं होतं. मशीन चालवणारा कॉलेजात एकच माणूस होता.

"सोमाजी, हितं सही कर."

मी तो कागद वाचला. सहीच्या जागेखाली छापलं होतं: चालक, पूर्ण नाव, हुद्दा. मी त्यांना बाजूला घेतलं.

"भाऊ, ही सही झाली की तुम्ही चालक ठरता. चालक म्हणजे माणूस. हा कागद जोडून परत अर्ज करू. यावर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

"नाव मस्टरवर यील?"

"येणारच."

त्यांनी लेखणी घेतली. टेम्पोच्या फळीवर कागद ठेवला. बराच वेळ बघत राहिले. अजीजभाई म्हणाले, "उरका भाऊ, जुन्नर गाठायचंय मला." सोमाजीभाऊंनी एकदा मशीनकडे बघितलं. मग लेखणीचं टोपण लावलं.

"लायब्ररी, तोंडानं बोललो त्ये बोललो. वाऱ्यावर गेलं. सही जात न्हाई."

"भाऊ, तुमची सगळी नोकरी आहे यात."

"हाय की. पण त्ये मशीन बरोबर व्हतं."

त्यांनी कागद सावळेरामना परत दिला.  त्यांनी सहीच्या जागी आपल्या अक्षरात लिहिलं: चालक उपलब्ध नाही. टेम्पो निघाला. सोमाजीभाऊ फाटकापर्यंत त्याच्यामागे चालत गेले. पुढे त्यांना जाता येईना, पास नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. मशीनच्या जागी सिमेंटचा ओटा होता आणि चार जाड बोल्ट वर आलेले. ओट्यावर सोमाजीभाऊ बसले होते. समोर एका ठेकेदाराचे सहा ठोकळे. त्यांनी पहिल्यावर टकटक केलं, ऐकलं. खडूनं लिहिलं: ५७. मग सवयीनं मागे वळले आणि तसेच थांबले.

"बरोबर असंल ना रे?" त्यांनी मला विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. खाली दुसरं कुणी नव्हतं. मी सळई घेतली आणि ठोकळ्यावर दोनदा वाजवली. मला काहीच कळलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि दुसरा ठोकळा पुढे ओढला.