जत्रेच्या गर्दीतली आई

केजच्या बाजारात सिनेमाच्या स्वस्त एचडी डिस्क विकणारा तो माणूस बोलताना सारखी डिस्क शर्टाला पुसत होता. मला ते पुसणंच खटकलं; माल खराब असणार असं वाटलं. लहान टीव्हीवर तो प्रत्येकाला फक्त हिरोचा चेहरा दाखवत होता.

मी हळूच म्हणाले, "ह्या सिनेमात जत्रा हाय न्हवं, त्यातली गर्दी दाखवा."

त्यानं तो प्रसंग लावला. गर्दीतले सगळे चेहरे पुसट होते.

"मागच्या लोकांकडं कोण बघतंय, ताई?" तो म्हणाला.

"आमच्या गावात शूटिंग झालं तवा माझी आई त्या गर्दीत होती. आता ती न्हाई. तिचा फोटोबी न्हाई."

खोक्याच्या तळातून त्याच सिनेमाची दुसरी डिस्क काढून त्यानं लावली. आई स्वच्छ दिसली, कपाळावरच्या गोंदणासकट. माझे डोळे भरून आले, तरी तीच डिस्क पिशवीत पडेपर्यंत मी त्याच्या हातांवरची नजर काढली नाही.