बाबांना न सापडलेली शेळी

कराचीत केमारीच्या धक्क्यावर बोट सुटायची वेळ झाली तरी बाबा करीमभाईंशी बोलत उभे होते. फाळणीनंतरचा तो हिवाळा. आई ट्रंकेवर बसलेली, मी तिच्या पदराशी. करीमभाई बाबांचे प्रयोगशाळेतले सहकारी. हिवतापाचे डास कुठल्या पाण्यात वाढतात, याचा दोघं मिळून अभ्यास करत. टाचणीला लावलेल्या डासांच्या पेट्या प्रयोगशाळेच्या मालकीच्या, त्या कराचीतच राहिल्या. "काम मैं सँभालूँगा, आप बच्ची को सँभालिए," करीमभाई म्हणाले आणि बाबा मागे न बघता शिडी चढले.

तुम्ही कराचीची मराठी मंडळीही त्याच सुमारास निघालात. आपल्यातले कोणी बडोद्याला गेले, कोणी पुण्याला. आम्ही कल्याणला आलो, कारण तिथे मामा होता. काळ्या तलावाजवळ त्याने आम्हाला दोन खोल्या बघून दिल्या. कराचीत गच्चीवर समुद्राचा वारा यायचा, इथे खिडकीतून शेवाळाचा वास. बाजारात निर्वासितांच्या कँपातली एखादी सिंधी बाई भेटली की आई तिच्याशी सिंधीत बोलत उभी राहायची आणि भाजी घ्यायची विसरून यायची.

बाबांना काम नव्हतं. सकाळी दाढी करून, कोट घालून ते खिडकीशी बसत. मामाने एका कापडाच्या दुकानात त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. ती नोकरी घ्यावी, असं आईचं म्हणणं. "नुसते बसून राहिलात तर आजारी पडाल," ती म्हणायची. बाबा मान हलवायचे आणि पुन्हा बाहेर बघायचे.

नव्या शाळेत बाईंनी वडील काय करतात ते विचारलं. मी सांगितलं, संशोधक आहेत. मधल्या सुट्टीत शेजारच्या कुसुमने विचारलं, म्हणजे काय करतात? मलाही धड ठाऊक नव्हतं. शोधतात, एवढंच मी म्हणाले.

त्याच आठवड्यात कुसुम धाकट्या भावंडांना घेऊन आमच्या दारात हजर. "काका, आमची शेळी हरवलीय. तुम्ही शोधून देता ना?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाबा हसले नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि विचारायला लागले. शेवटची कोणी पाहिली, रोज कुठे चरते, कसला पाला दाखवला की धावत येते. मग सगळी वरात निघाली. तलावाचा काठ, मागची वाडी, देवळापलीकडचा उकिरडा. प्रत्येक जागा नीट बघायची आणि मगच 'इथे नाही' म्हणायचं, असं बाबांनी बजावलं होतं. उन्हं उतरली तेव्हा कुसुमची आई सांगत आली की शेळी केव्हाच आपणहून घरी आलीय.

"म्हणजे तुम्हाला नाहीच सापडली," कुसुम म्हणाली.

बाबा मोठ्याने हसले. कराची सोडल्यापासून पहिल्यांदा. "नाही सापडली. पण ती कुठे नाही, ते आपल्याला पक्कं कळलं. आमचं काम बरंचसं असंच असतं, बाळ."

सगळे तलावाच्या पायऱ्यांवर टेकले. हे काम करतात कुठे, असं मुलांनी विचारलं. बाबा आपल्या खोलीबद्दल सांगू लागले. लांब टेबल, उत्तरेची खिडकी, काचेच्या बश्यांमध्ये ठिकठिकाणचं पाणी, जाळीच्या पिंजऱ्यात डास. पिंजऱ्यात डास म्हटल्यावर पोरं खिदळायला लागली. खोली नसली तर काम होत नाही का, कुसुमने विचारलं. प्रश्न पडायला खोली लागत नाही, बाबा म्हणाले, पण खात्री करायला लागते.

मागे आई हंडा कमरेवर घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

संध्याकाळी मामा दुकानाचं उत्तर न्यायला आला. बाबा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "दादा, हे दुकानात बसणार नाहीत. काम मिळेपर्यंत मी शिवण घेईन." बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

कराचीकडच्या कपड्यांची बेतणी तिला माहीत होती, म्हणून कँपातल्या बायका सलवार-कमीज तिच्याकडेच शिवायला टाकत. वर्ष उलटून गेल्यावर बाबांना मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली, कराचीतल्यापेक्षा खालची. तरी पहिल्या दिवशी ते शाळेत निघालेल्या मुलासारखे लवकर तयार होऊन बसले होते.

आता मला कोणी गाव विचारलं की मी कल्याण सांगते. तुमच्यातल्या काहींना ते रुचायचं नाही. पण हे मी केव्हापासून सांगायला लागले, ते मला ठाऊक आहे. तोवर बाबा कल्याणातल्या सगळ्याला 'इथलं' म्हणायचे. इथलं पाणी, इथले रस्ते. 'आपलं' म्हणजे कराचीतलं. एकदा पावसाळा सरल्यावर ते तलावाचं पाणी बाटल्यांत भरून कामावर घेऊन गेले. परत आले, पानावर बसले आणि म्हणाले, "आपल्या तलावात हिवतापाच्या डासांच्या अळ्या आज तरी मिळाल्या नाहीत."

आई आमटी वाढत होती. तिचा हात थांबला. "आपल्या?"

ती काय विचारतेय ते बाबांच्या लक्षातच आलं नाही. "अगं, काळ्या तलावात," असं म्हणून ते भात कालवायला लागले.