डॉक्टरांच्या इटालियन फ्रेमा

आमचे डॉक्टर उभ्या उभ्या चहा प्यायचे. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे, बसायचे नाहीत. पारनेर भागात ते ‘जनावरांचे डॉक्टर’ म्हणून ओळखले जात. मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. खाली त्यांच्या येरझाऱ्या सतत ऐकू यायच्या. “यांना बसा म्हटलं की अंगाला खाज सुटते,” काकू म्हणायच्या.

खालच्या मोठ्या खोलीत भिंतभर सायकलींच्या फ्रेमा टांगलेल्या होत्या. नुसत्या फ्रेमा, ना चाकं, ना हँडल. सगळ्या इटलीतल्या लहानसहान कारखान्यांत हातानं बनवलेल्या, जुन्या, स्टीलच्या, शर्यतीच्या. काही पुण्या-गोव्याकडून मिळवलेल्या, बऱ्याचशा थेट तिकडून मागवलेल्या. जिथं दोन नळ्या जुळतात तो सांधा डॉक्टर बोटानं दाखवायचे. “हे बघ. पितळेनं जोडलंय आणि कानशीनं घासून घासून कड कागदासारखी पातळ केलीय. शर्यतीत कोण बघणार होतं गं हे?” आणि मी काही बोलायच्या आत पुढच्या फ्रेमेकडे वळायचे.

नवी फ्रेम घरी येईपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसायचं. पार्सल मुंबईत अडकलं की गोठ्यात गाय तपासतानासुद्धा फोन बाहेर निघायचा. फ्रेम आली की घरात सण. मग आठवडाही सरत नसे, तोच पुन्हा येरझाऱ्या.

एकदा बैलाचं औषध न्यायला आलेले एक तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, “डाक्टर, या सायकली कवा पुऱ्या व्हनार? चाकंच न्हाईत एकीला.”

“पुरी झाली की संपलंच ना, तात्या!”

“आमी न्हाई बा बैल असा टांगून ठिवत. लई देखना आसला तरी.”

डॉक्टर मोठ्यानं हसले, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोलीच्या आत-बाहेर करत राहिले.

एकच लाल फ्रेम त्यांनी चाकं लावून पुरी केली होती, कारण तीच त्यांच्या उंचीची होती. डॉक्टर चांगले सहा फुटी. सकाळी तिच्यावरून टाकळी ढोकेश्वरकडे सुटायचे आणि परत येऊन उभ्यानंच भाकरी खायचे.

पुढं लग्न होऊन मी नगरला आले. त्यानंतर त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. सायकलला हात लावायचा नाही, असं त्यांना बजावलं गेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर पडून चादरीची किनार चुरगाळत होते. “भिंतीवरच्या त्या सगळ्या काढा,” ते काकूंना म्हणाले. “त्या मला स्वस्थ पडू देत नाहीत.”

मग सायकल चालवणाऱ्या माणसांना फोन गेले. कोपरगावहून एक नर्स आली, श्रीगोंद्याहून साखर कारखान्यातला एक उंचापुरा इंजिनिअर आला. प्रत्येकाला दारात उभं करून डॉक्टर टेपनं पाय मोजायचे आणि मापाची फ्रेम हातात द्यायचे. अट एकच. “टांगायची नाही. पळवायची.” माझ्या वाट्याला सगळ्यांत लहान, निळी फ्रेम आली. लाल सायकल इंजिनिअरनं नेली. ती टेम्पोत चढवली तेव्हा डॉक्टर बाहेर आले नाहीत.

त्यानंतर मात्र ते बदलले. पथ्य पाळायचे, वेळेवर गोळ्या घ्यायचे, सांगितलं तेवढंच चालायचे. काकूंचा जीव भांड्यात पडला. फोनवर मला म्हणाल्या, “सुटले बाई एकदाचे त्या फ्रेमांतून.”

आणि एका दुपारी डॉक्टर गेले. हृदयानंच दगा दिला.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि काकूंचा फोन आला. “इटलीहून खोकं आलंय. मला एकटीला उघडवत नाही, तू ये.”

आम्ही दोघींनी खोकं फोडलं. आत हिरवी फ्रेम, अंगावर जुने ओरखडे, सांधे मात्र लखलखीत. ती इतकी मोठी होती की उभी धरली तेव्हा काकूंच्या कमरेच्या वर आली. कुणासाठी मागवली होती ते विचारायची गरजच नव्हती.

काकू तिच्या वरच्या नळीवर हात टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढ्या गुणी बाळासारख्या गोळ्या घ्यायला लागले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता!”