बाबांना ऐकू आलेला अल्बम

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा आठवडाभर एका आयटी कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी क्रस्ट पंक बँडमध्ये गातो. पंक संगीतातला हा सगळ्यात मळका, खरखरीत प्रकार, आणि त्यात गाणं म्हणजे घसा फाटेस्तोवर ओरडणं, हे त्यानंच मला समजावलं होतं. एरवी अतिशय सौम्य मुलगा. जिन्यात आई दिसली की तिच्या हातातली भाजीची पिशवी घेतो.

बँडचा नवा कन्नड अल्बम आला तेव्हा तो म्हैसूरपाक घेऊन आमच्याकडे आला. ऐकून खरं काय ते सांगा, म्हणाला. मी स्पीकर जोडला. पहिल्याच गाण्याला आई कुकर बघायला म्हणून जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी चेहऱ्यावर रसिकपणा धरून बसले होते.

बाबा मात्र पेपर बाजूला ठेवून पुढे सरकले. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून जन्म गेला, त्यात कानही गेले. कानातल्या मशीनमधून त्यांना पंखा ऐकू येतो, माणसं येत नाहीत. गाणं ऐकणं तर त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. त्यांनी मशीन काढून टीपॉयवर ठेवलं आणि आवाज वाढवायला सांगितला.

"तलाव पेटलाय म्हणतोय," ते थोड्या वेळानं म्हणाले. "आणि बघायला आलेले लोक फोटो काढतायत."

मुलगा उठून उभाच राहिला. शब्द बरोबर होते; आमच्या शहरातल्या फेसाळ, घाण तलावाला खरंच आग लागली होती. त्याच्या ड्रमरलासुद्धा आजवर ते कळले नव्हते. तुम्हाला कसं समजलं, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं, तेही मला बाबांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं.

"त्यात काय," बाबा म्हणाले. "माझ्याशी सगळे असंच बोलतात."

त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ क्रस्ट पंक सुरू झालं. चहाबरोबर तलाव, दाढी करताना टँकरवाल्यांवरचं गाणं. शेजारच्या बाईंनी भिंत वाजवली, ती बाबांना ऐकू आली नाही. शेवटी एका रविवारी दुपारी तो गायकच हात जोडून खाली आला. डोकं दुखतंय, म्हणाला, आवाज स्वल्प कमी करता का. त्याचाच आवाज होता, म्हणून त्याला फार संकोच वाटत होता.

पुढच्या महिन्यात पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका बंद शेडमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. नाचणारी पोरं एकमेकांवर आदळत होती, पण बाबांवर कुणी पडू नये म्हणून चौघं खुर्चीभोवती कडं करून उभी होती. मध्येच एकानं वाकून त्यांना पाणी हवंय का विचारलं. निघताना बँडनं बाबांना आपलं नाव छापलेला कापडी तुकडा दिला. ही पोरं असे तुकडे जाकिटावर दात साफ करायच्या दोऱ्यानं शिवतात. आईनं बाबांचा तुकडा त्यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरवर बारीक टाक्यांनी शिवून दिला.

तो पाहून पोरांनी आपली जाकिटं तुकडे शिवून घ्यायला आईकडे आणून टाकली. वर्षानुवर्षं न धुतलेली, घाम, ग्रीस आणि बिअरनं कडक झालेली; उभी केली तर उभी राहतील अशी. तो मळच त्यांचा मान असतो, हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. मी ऑफिसातून आले तेव्हा सगळी गच्चीवर वाळत होती. गरम पाण्यात भिजवून, दोनदा साबण लावून, वर कम्फर्टसुद्धा घातलेलं.

ड्रमरनं आपलं घडी घातलेलं जाकीट हातात घेतलं. ते मूळचं निळं निघालं. त्यानं ते नाकाशी नेलं, मग आईच्या तोंडाकडे बघितलं.

"सरी, अक्का, ठीक आहे," तो म्हणाला, आणि घडी न मोडता घेऊन गेला.